कबरी खुडूक बसली तो उन्हाळा

रेवा आणि निहार,

मागच्या रविवारी फोनवर निहारने विचारलं, "आजी, सगळ्यांनी सही केली, मग तू का नाही केलीस?" तुमच्या आईने तुम्हाला आमच्या सोसायटीच्या अर्जाची गंमत सांगितली असणार. गंमत अशी, की आमच्या इमारतीच्या मागे वाघोलीचं जुनं गावठाण जेवढं काही उरलं आहे, त्यातल्या एका घरी कोंबडा आहे आणि तो पहाटे आरवतो. इमारतीतली बरीच मुलं रात्रभर परदेशी कंपन्यांची कामं करून पहाटे झोपतात. त्यांची झोपमोड होते, म्हणून कोंबडा तिथून हलवावा असा अर्ज कमिटीने केला आहे. तो मजल्यामजल्यावर फिरतो आहे आणि माझ्या दारात दोनदा येऊन गेला. निहारला मी "नंतर सांगेन" म्हटलं आणि फोन ठेवला. पण मी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं आहे, अर्धवट सोडलेलं उत्तर मला स्वतःचंही चालत नाही. म्हणून आता नीट, क्रमाने लिहिते. मराठीत लिहिते, कारण ज्यांची ही हकिगत आहे ती सगळी माणसं मराठीत बोलत आणि मराठीतच गप्प बसत. तुमची आई वाचून दाखवेल.

मी तेव्हा बी. ए.च्या शेवटच्या वर्षाची परीक्षा देऊन निकालाची वाट पाहत होते. आम्ही तिघं, आई, बाबा आणि मी, वाघोलीत गावठाणाच्या कडेला, नगर रस्त्यापासून आत एका छोट्या कौलारू घरात राहत होतो. त्या काळी तिथे ज्वारीची शेतं, दगडाच्या खाणी आणि बाभळी होत्या. बाबा जनावरांचे डॉक्टर. सरकारी कुक्कुटपालन केंद्रात नोकरी करून मुदतीआधीच निवृत्त झालेले. सदाशिव पेठेतली भाड्याची जागा सोडून त्यांनी हे घर घेतलं, तेव्हा पेठेतले नातेवाईक म्हणाले, "कोंबड्यांचे डॉक्टर अखेर पेशंटांच्या घरी राहायला गेले." आईने तुळस, देव, पाटा-वरवंटा आणि सोवळ्याची दांडी असा सगळा संसार टेंपोत घातला आणि नव्या घरी येऊन पहिला नियम सांगितला: अंडं स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडणार नाही.

बाबांनी तो नियम पाळला. ते कोंबड्यांच्या शेडमध्ये स्टोव्हवर अंडं उकडत आणि मीठ-मिरपूड लावून उभ्या उभ्याच खात. मी सखूबाईकडे खायचे. सखूबाई म्हणजे आमच्या कुंपणापलीकडची शेजारीण. धुणं-भांड्याला आमच्याकडे यायची, पण तिला मोलकरीण म्हणायची कोणाची छाती नव्हती. तव्यावर तेल सोडून त्यात कांदा, हिरवी मिरची घालून अंडं फोडायची आणि ज्वारीच्या भाकरीवर उलटं करून माझ्या हातात द्यायची. "खा पोरी. तुझ्या आईचा देव आमच्या घरात बघत न्हाई." घरी आल्यावर आई माझ्याकडे नुसतं बघायची आणि म्हणायची, "हात धू. तोंडही धू. आणि मग आमटी-भात खाल्लास तरी चालेल."

बाबांचं काम समजावून सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. गावातल्या बायका घरटी चार-सहा गावठी कोंबड्या पाळत. त्या उकिरड्यावर चरत, घार दिसली की पिल्लांना घेऊन कुंपणात शिरत, आणि वर्षाकाठी थोडीच अंडी देत. पण त्या अंड्यांचे पैसे बाईचे. ते नवरा मागत नसे, सासू विचारत नसे. मुलांच्या पोटातही त्यातलंच एखादं अंडं जायचं, बाकी दूध-तूप कोणाला होतं? बाबांना वाटायचं, ह्याच कोंबड्या जरा सुधाराव्यात. बाहेरची पांढरी जात आणायची नाही. गावठीतलीच चांगली अंडी देणारी निवडायची, तिचा चांगला कोंबडा निवडायचा, दरवर्षी एका आळीचा कोंबडा दुसऱ्या आळीत पाठवायचा, म्हणजे रक्त एकाच घरात फिरत राहणार नाही. कोंबड्या मात्र बायकांच्या घरीच राहायच्या. निवडलेल्या कोंबडीच्या पायात बाबा ॲल्युमिनियमची कडी घालत. बायका त्याला जोडवं म्हणत. "डाक्तर, माझ्या तांबडीला जोडवं कधी घालताय?" असं सखूबाई विचारायची आणि बाबा गंभीर चेहऱ्याने सांगायचे, "आधी पत्रिका बघू."

एक अडचण होती. जी कोंबडी खूप अंडी देते ती खुडूक बसत नाही. खुडूक म्हणजे काय, तर कोंबडीला अंडी उबवायची ओढ लागते. ती पिसं फुलवून एका जागी बसते, घशातून घोगरं घोगरं बोलते, जवळ गेलं तर चोच मारते. तेवढे दिवस अंडी बंद. पण बसणारी कोंबडी नसेल तर पिल्लं कुठून येणार? प्रत्येक बाईच्या घरी काही आमच्यासारखं उबवणीचं यंत्र नव्हतं. बाबांना दोन्ही एकीत हवं होतं, आणि बऱ्याच वर्षांनी ते एकीत मिळालं. ती कबरी, आमच्याच शेडमधली. राखाडी अंगावर पांढरे-काळे ठिपके, एक डोळा किंचित बारीक. ती पांढऱ्या कोंबड्यांच्या जवळपास जाईल इतकी अंडी द्यायची आणि त्या उन्हाळ्यात ती खुडूकही बसली. बाबा त्या दिवशी पेढे आणतील असं मला वाटलं होतं.

ती बसली मात्र आईच्या सोवळ्यावर. दांडीवरून घसरून टोपलीत पडलेल्या सोवळ्याच्या रेशमी लुगड्यावर कबरी पिसं फुलवून बसली होती आणि खाली एक अंडं होतं. आई दारात उभी राहून म्हणाली, "अहो, तुमची सून माझ्या देवघरापर्यंत आली आहे. तिला तुम्ही उचलता, की मी माहेरी जाऊ?"

बाबांनी कबरीला उचललं. पण तिला बसू दिलं नाही. त्यांना तिची अंडी हवी होती, उबवणी यंत्रात घालायला. यंत्रात एका वेळी कितीतरी अंडी मावत, कबरीखाली मोजकीच. म्हणून तिची खुडूक मोडायची असं त्यांनी ठरवलं. त्याची रीत गावात सगळ्यांना ठाऊक होती: कोंबडीला पाण्यात बुडवायचं. बाबा रोज दुपारी मोरीतल्या निळ्या बादलीत गार पाणी घेत आणि कबरीला मानेपर्यंत बुडवून धरत. ती आवाज करत नसे. सोडलं की निथळत, पंख ओढत परत त्याच कोपऱ्यात जाऊन बसे, खाली अंडं नसलं तरी. आई ओट्याशी कुरडया तळत असली तरी त्या वेळी तिचा झारा थांबायचा. एकदा ती म्हणाली, "अहो, तिला बसायचंय तर बसू द्या ना."

बाबा म्हणाले, "तुला तर ती घरात नको होती."

"घरात नकोच आहे," आई म्हणाली. तेवढ्यावर ते बोलणं संपलं.

आता पांढऱ्या कोंबड्यांच्या शेडबद्दल. आमच्या ओढ्यापलीकडे बाळासाहेब नावाच्या तरुण बागायतदाराने त्याच वर्षी लांबच लांब शेड बांधली होती. देशाचे दरवाजे नुकतेच उघडले होते, जो तो काहीतरी मोठं सुरू करत होता, आणि बाळासाहेबाने कंपनीच्या पांढऱ्या कोंबड्या आणल्या होत्या. हजारो असतील. रात्रभर तिथे दिवे जळत, वीज गेली तरी जनरेटरवर. आमच्या अंगणात त्या उजेडाने सावल्या पडायच्या. वारा पलीकडून आला की नाकाला पदर लावावा लागे. आणि आवाज, तो मला अजून आठवतो. आपल्या कोंबड्या बोलतात: कोणी ओरडते, कोणी तक्रार करते, कोणी अंडं घातल्याची दवंडी पिटते. त्या शेडमधून एकच अखंड आवाज यायचा, लांबच्या कारखान्यासारखा. त्यात एकही कोंबडी वेगळी ऐकू यायची नाही.

बाळासाहेब वाईट माणूस नव्हता. संध्याकाळी मोटारसायकलवरून यायचा, आईला वाकून नमस्कार करायचा. "डॉक्टर, कशाला त्या उकिरड्यावरच्या पाखरांच्या मागं लागलाय? तुमची सायकल झाली, आमची मोटार हाय."

"खरं आहे," बाबा म्हणाले. "फक्त मोटार बंद पडली की ढकलायला किती माणसं लागतात ते आधी बघून ठेवा."

तो हसला. आईने त्याला लिंबाचं सरबत दिलं. जाताना त्याने सहज सांगितलं, की शेडमध्ये थोडी मर होते आहे, उन्हाने असेल. बाबांनी हातातला पेला खाली ठेवला. "मेलेल्या कोंबड्या कुठे टाकता?"

"ओढ्याला. कुत्री खात्यात."

दुसऱ्या दिवशीपासून बाबांनी ओढ्याकडे जायची वाट काटेरी फांद्यांनी बंद केली. आपल्या कोंबड्यांना लस दिलेलीच होती. मानमोडीची लस. ह्या रोगात कोंबडीची मान पिळवटते, म्हणून नाव मानमोडी. लस शहरातून थर्मासमध्ये बर्फ घालून यायची आणि आमच्या फ्रीजमध्ये राहायची, आईच्या दुधाच्या पातेल्यापासून शक्य तितकी लांब, पिशवीत पिशवी बांधून. वीज मात्र रोज जायची, कधी दुपारभर, कधी रात्रभर. बाबा म्हणायचे, दार उघडू नका म्हणजे गारवा टिकतो. आम्ही दार उघडत नव्हतो.

त्याच आठवड्यात सखूबाईच्या थोरल्या मुलीचं, वंदनाचं लग्न झालं. माझ्याच वयाची, दहावीनंतर शाळा सुटलेली, हसताना तोंडावर हात धरणारी. शिरूरच्या पलीकडे, आडबाजूच्या एका वस्तीवर दिली होती. मांडव आमच्या अंगणापर्यंत आला होता, आईने लाडू वळले, बाबांनी भटजींशी मुहूर्तावरून वाद घातला. पाठवणीच्या वेळी आईने वंदनाची ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ, आणि वर एक झाकलेली टोपली सखूबाईच्या हातात दिली. लग्नाच्या टेंपोत टोपल्या पुष्कळ होत्या. एकीकडे कोण बघणार?

दुसऱ्या सकाळी कबरी नव्हती.

बाबांनी सगळीकडे शोधलं. शेड, कुंपण, विहिरीचा काठ, लाकडांची रास. पिसं कुठेच पडली नव्हती, रक्त नव्हतं. मुंगसाने नेली असती तर पिसं राहिली असती. यंत्रात घालायला वेगळी काढून ठेवलेली अंडीही नव्हती. म्हणजे माणसाने नेली. बाबा ओढ्यापलीकडच्या शेडकडे बघत उभे राहिले आणि माझ्या लक्षात आलं, की त्यांचा जबडा हलतो आहे, पण ते काही खात नाहीत. "त्याच्या माणसांना कळलं आहे कोणती कोंबडी काय आहे ते," ते म्हणाले. "आज ही गेली, उद्या बाकीच्या जातील."

आई तुळशीला पाणी घालत होती. ती म्हणाली, "मांजराने नेली असेल हो."

"मांजर अंड्यांची टोपली नेत नाही."

तांब्यातलं पाणी संपलं होतं तरी आई तांब्या तिरका धरून उभी होती. हे मी तेव्हा पाहिलं, पण त्याचा अर्थ लावायचं वय माझं होतं आणि लक्ष नव्हतं. मी निकालाच्या विचारात होते.

बाबांनी ठरवलं, की गावातले सगळे निवडलेले कोंबडे आणि कोंबड्या, जे आजवर आपापल्या घरी होते, ते पाऊस सुरू होईपर्यंत आपल्या शेडमध्ये ठेवायचे. नवी जाळी, नवं कुलूप. बायकांना त्यांनी शब्द दिला: कोंबडी तुमचीच, अंडी तुमचीच, पावसाच्या तोंडावर पिल्लांसकट परत देईन. आळीतल्या बायका कोंबड्या काखेत धरून एकेक करून आल्या. सखूबाई सगळ्यांत शेवटी आली. तिची तांबडी तिने बाबांच्या हातात दिली नाही, आईच्या पुढे धरली.

"वयनी, ठिवू का?" तिने विचारलं.

आई बाबांकडे बघत म्हणाली, "एवढं कुलूप कशाला लावता? राहू द्या ना ज्याच्या त्याच्या घरी."

"आणि रोज एक जाऊ दे?"

सखूबाई अजूनही आईकडेच बघत होती. मला वाटलं ती परवानगी मागते आहे. आई आत गेली. सखूबाईने तांबडी खाली सोडली आणि बाबांनी दार लावून घेतलं. कुलपाची किल्ली त्यांनी जानव्याला बांधली.

त्यानंतरचे दिवस फार शांत होते, असं मला आठवतं. उन्हात खाणीचे सुरुंग तेवढे ऐकू यायचे. घारी ओढ्यावर घिरट्या घालायच्या, आधी दोन-तीन, मग पुष्कळ. एका सकाळी आमच्या फाटकाशी गावातलं पिवळं कुत्रं पांढरी पिसं हुंगत बसलं होतं. त्याने काटेरी फांद्यांची फिकीर केली नव्हती. बाबांनी फाटकाबाहेर चुना टाकला, शेडमध्ये जाताना पाय पोटॅशच्या पाण्यात बुडवायचा नियम केला, मला आणि आईला आत यायला बंदी केली. रात्री पलीकडचे दिवे नेहमीसारखे होते, आवाज मात्र पातळ झाला होता. आणि घरात, जेवताना, आई दोनदा म्हणाली, "अहो, मला एक सांगायचंय." एकदा वीज गेली आणि बाबा कंदील घेऊन यंत्राकडे धावले. एकदा बाबाच म्हणाले, "कोंबड्यांचं सोडून काही असेल तर सांग." आईने त्यांच्या पानात भात वाढला.

बाबा पहाटेचा चहा अंगणात घेत. कोंबडे आरवायचे तेव्हा ते कप हातात धरून ऐकत. प्रत्येकाचा आवाज त्यांना ओळखू यायचा. त्या दिवशी आरवणं झालं आणि बाबांनी कप तोंडाला लावलाच नाही. त्यांनी वाट पाहिली. "वरच्या आळीचा आरवला नाही," ते म्हणाले.

शेडमध्ये वरच्या आळीचा कोंबडा भिंतीला टेकून उभा होता, पंख गळलेले, चोच उघडी. खाली हिरवट विष्ठा. दुपारपर्यंत आणखी काही तशाच बसल्या. सखूबाईची तांबडी माझ्या देखत मान फिरवू लागली, हळूहळू, जणू मागे कोणी हाक मारली आहे. मान फिरत फिरत उलटी झाली. मी जाळीबाहेर उभी होते, जाळीला धरून. बाबा आतून ओरडले, "जा घरात!" बाबा माझ्यावर कधी ओरडत नसत.

लस कुठे बिघडली ते कधीच कळलं नाही. बर्फात, फ्रीजमध्ये, की आधीच शहरात. रोग मात्र आला आणि त्याला सगळ्या एकाच जाळीत मिळाल्या. आपापल्या घरी असत्या तर काही गेल्या असत्या, काही राहिल्या असत्या. बाबांना हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. ते विहिरीमागे खड्डा खणत होते आणि खणताना कोणालाही हात लावू देत नव्हते. चौथ्या की पाचव्या दिवशी शेडमध्ये झाडू मारण्यासारखंही काही उरलं नाही. यंत्रातली अंडी बाबांनी स्वतः पुरली. पलीकडची शेडही रिकामी झाली, तिचे दिवे विझले. कितीतरी महिन्यांनी आमच्या अंगणात खरा काळोख पडला आणि मला त्याची भीती वाटली.

मग बाबा घरोघर गेले. मी त्यांच्याबरोबर गेले, आईने पाठवलं म्हणून. काही बायका रडल्या, एकीने दार उघडलं नाही. एक म्हातारी म्हणाली, "डाक्तर, तुमी चोराच्या भ्यानं घेतल्या न् मरणाच्या हातात दिल्या." बाबांनी हात जोडले. सखूबाईच्या दारात ते बोलायला लागले तेव्हा तिने त्यांना थांबवलं. "मला नका सांगू," ती म्हणाली. तिचा आवाज चमत्कारिक होता. रागाचा नव्हता. मी तो राग समजले.

पुढचे दिवस बाबा ओसरीवर बसून असायचे. पाऊस लागला. माझा निकाल लागला, पहिला वर्ग, आईने शिरा केला. बाबांनी चमचाभर खाल्ला. पेठेतून काका आले आणि म्हणाले, "आता या परत शहरात. कोंबड्या संपल्या, हौसही फिटली." ह्यावर उत्तर देणारे बाबा मला आठवत होते. ओसरीवर बसलेले बाबा "बघू" म्हणाले. आई काकांना चहा देत होती, तो बशीत सांडला.

पंचमीला वंदना माहेरी आली. पहिली पंचमी, हातात हिरव्या बांगड्या, अंगाने जरा भरलेली. सखूबाईने तिला घरात नेलं नाही, थेट आमच्या अंगणात आणलं. वंदनाच्या काखेत डालं होतं, बांबूचं, वर साडीचा तुकडा बांधलेला. आतून बारीक चिवचिव येत होती.

बाबांनी मान वर केली.

वंदनाने तुकडा सोडला. आत दोन तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या, आणि एक कोवळा कोंबडा. कोंबडा अजून नीट वाढलाही नव्हता, पण अंग राखाडी, त्यावर ठिपके. एका तलंगीचा डोळा किंचित बारीक होता.

"वयनींनी दिली व्हती कबरी," वंदना म्हणाली. तिला इथलं काहीच माहीत नव्हतं, सासरी तिला कोण सांगणार? ती हसत होती, तोंडावर हात धरून. "अंडी बी दिली व्हती, तुसात घालून. ग्येल्या ग्येल्या बसवली. समदी उतरली बघा, एक बी वाया न्हाई."

सखूबाई जमिनीकडे बघत होती. बाबा उठले, डाल्याजवळ गुडघ्यावर बसले आणि त्या कोंबड्याला दोन्ही हातांत घेऊन पुष्कळ वेळ बघत राहिले. पंख उघडून पाहिला, पाय पाहिला. मग आईकडे न बघता म्हणाले, "कबरी कुठे आहे?"

"हाय की. परत बसलीया."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. पंचमीला तवा ठेवायचा नाही म्हणून दिंडं उकडत होती, पदराला पुरण लागलेलं. बाबा तिला म्हणाले, "मला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर तुम्ही जाऊन परत आणली असती."

"आणली असती," बाबा म्हणाले. "आणि कुलूप लावलं नसतं."

"हो."

मुलांनो, मी त्यानंतर आयुष्यात पुष्कळ भांडणं ऐकली. त्या चार वाक्यांइतकं भयंकर काही ऐकलं नाही, आणि त्यात कोणाचाही आवाज चढला नव्हता. आईने टोपली दिली म्हणून कुलूप लागलं, कुलूप लागलं म्हणून सगळ्या मेल्या, आणि टोपली दिली म्हणूनच हे तीन जीव अंगणात चिवचिवत होते. दोन्ही खरं होतं, आणि टोपलीचं तिला माहीत होतं, सगळा उन्हाळा, आमच्या पानात भात वाढताना. मी तिच्याच घरात राहत होते.

"पण का दिलीस?" मी विचारलं. "सोवळ्यावर बसली म्हणून?"

आईने माझ्याकडे बघितलं. "तिला बसायचं होतं," ती म्हणाली आणि दिंडं उतरवायला आत गेली.

बाबांनी त्या दिवशी मोरीतली निळी बादली उचलून शेडच्या मागे नेऊन पालथी घातली. तिच्यात पुन्हा कोणी पाणी भरलं नाही. मला वाटतं, तेवढंच त्यांचं उत्तर होतं. आई-बाबांमध्ये ते सगळं मिटलं का, हे मला ठाऊक नाही. त्यानंतर ते पुष्कळ वर्षं जगले, एकमेकांना चहा करून देत, आणि उन्हाळा आला की दोघंही जरा कमी बोलत.

ते तीन पक्षी आम्ही ठेवले नाहीत. सखूबाईनेच सांगितलं, "आता यका जागी न्हाई. अर्धलीनं देऊ." अर्धल ही जुनी रीत: एका बाईची कोंबडी दुसरीने सांभाळायची, पिल्लं निम्मी निम्मी. मग निम्म्यातली पुन्हा तिसरीकडे. बाबांनी मान डोलावली. ज्या म्हातारीने त्यांना बोल लावला होता तिच्या घरी पहिली तलंग गेली, नेऊन द्यायला बाबा स्वतः गेले. कबरी वंदनाकडेच राहिली. तिची पिल्लं मुलींबरोबर सासरी गेली, तिथून आणखी कुठे. पायात कड्या घालणं बाबांनी बंद केलं, त्यामुळे कुठे कुठे गेली ते नेमकं कोणालाच सांगता येणार नाही. दर वर्षी कुठेतरी मानमोडी यायची. सगळीकडे एकदम कधी आली नाही.

बाळासाहेबाची शेड दोनदा भरली, दोनदा रिकामी झाली, मग त्याने ती जमीन विकली. आज तिथे काचेची इमारत आहे. रात्रभर तिचे दिवे जळतात आणि माझ्या बाल्कनीत सावल्या पडतात. संध्याकाळी मी पडदा ओढून घेते, उजेडाचा त्रास होतो म्हणून असं सगळ्यांना सांगते.

कमिटीचे दोघे उद्या पुन्हा येणार आहेत. चांगली मुलं आहेत, मला आजी म्हणतात, माझं गॅसचं सिलिंडर आत आणून ठेवतात. गावठाणातली ती सगळी रांगच कोणीतरी विकत घेणार आहे असंही त्यांच्या बोलण्यात आलं, म्हणजे अर्जाचीही गरज पडणार नाही. तसं असेल. ते कोंबड्याचं घर सखूबाईचं. सखूबाई गेली, आता तिथे तिची धाकटी सून असते. काल मी जिने उतरून तिच्याकडे गेले होते. गुडघे दुखतात, पण गेले. तिने मला कांदा घालून अंडं केलं.

अर्जावर मी सही केलेली नाही, उद्याही करणार नाही. कोंबडा राखाडी आहे, ठिपक्यांचा. त्याच्या मागच्या खुराड्यात एक कोंबडी सध्या खुडूक बसली आहे आणि तिच्याखाली अंडी आहेत.